फायब्रॉइड की सार्कोमा? गर्भाशयातील एका दुर्मीळ गाठीचे निदान

गर्भाशयात आढळणाऱ्या गाठींपैकी बहुसंख्य गाठी निरुपद्रवी असतात, आणि त्यांतही फायब्रॉइड ही स्नायूची गाठ इतकी सर्रास आढळते की पन्नाशीला पोचलेल्या स्त्रियांची सोनोग्राफी केली असता त्यांतील निम्म्याहून अधिक जणींच्या गर्भाशयात ती लहानमोठ्या आकारात सापडते, असे अमेरिकेतील पाहण्यांतून दिसून आले आहे. यांतील कित्येक गाठींचा त्या स्त्रीला आयुष्यभर पत्ताही लागत नाही. काहींमुळे पाळीत जास्त रक्तस्राव होतो, ओटीपोट जड वाटते किंवा वारंवार लघवीला जावे लागते, आणि पाळी कायमची थांबल्यानंतर त्या बहुधा आपोआप आकसतात. मात्र याच स्नायूच्या थरात, बाहेरून अगदी फायब्रॉइडसारखीच दिसणारी, पण स्वभावाने पूर्णपणे वेगळी अशी एक कर्करोगाची गाठ क्वचित उद्भवते. तिला लिओमायोसार्कोमा म्हणतात. तिचे निदान स्त्रीरोगशास्त्रातील अवघड प्रश्नांपैकी एक मानले जाते, कारण शस्त्रक्रियेपूर्वीची कोणतीही एक तपासणी तिला फायब्रॉइडपासून खात्रीने वेगळे ओळखू शकत नाही.

ही अडचण समजण्यासाठी गर्भाशयाची रचना थोडक्यात पाहणे आवश्यक आहे. गर्भाशयाच्या भिंतीत आतल्या बाजूला दर महिन्याला गळून पडणारे अस्तर, मध्ये जाड स्नायुथर आणि बाहेर पातळ आवरण असे तीन थर असतात. गर्भाशयाच्या शरीरभागात होणारे बहुतेक कर्करोग आतल्या अस्तरातून निघतात. ते लवकर रक्तस्राव घडवतात आणि अस्तराचा नमुना तपासला की सहसा हाती लागतात. सार्कोमा या गटातील कर्करोग मात्र स्नायू किंवा त्याला आधार देणाऱ्या संयोजी ऊतकातून निर्माण होतात, आणि गर्भाशयाच्या सर्व कर्करोगांत त्यांचे प्रमाण साधारण ३ ते ७ टक्के एवढेच आहे. या गटात स्नायुपेशींपासून होणारा लिओमायोसार्कोमा सर्वांत अधिक आढळतो. त्याखालोखाल अस्तराच्या आधारपेशींपासून होणारा एंडोमेट्रियल स्ट्रोमल सार्कोमा येतो, आणि अॅडेनोसार्कोमासारखे प्रकार त्याहूनही विरळ आहेत. कार्सिनोसार्कोमा या गाठीचा समावेश पूर्वी याच गटात होत असे. तिच्या पेशींचे मूळ अस्तरात आहे हे स्पष्ट झाल्यावर तिची गणना आता अस्तराच्या कर्करोगात केली जाते.

फायब्रॉइडचेच पुढे कर्करोगात रूपांतर होते, ही समजूत समाजात खोलवर रुजलेली आहे. जनुकीय अभ्यास तिला फारसा दुजोरा देत नाहीत. हेलसिंकी येथील संशोधकांनी २०११ मध्ये दाखवून दिले की सुमारे ७० टक्के फायब्रॉइडमध्ये एमईडी-१२ नावाच्या जनुकात ठरावीक बदल असतो; लिओमायोसार्कोमात हा बदल कमी वेळा आढळतो आणि तेथे टीपी-५३, आरबी-१, एटीआरएक्स अशा, पेशींच्या वाढीला लगाम घालणाऱ्या जनुकांची मोडतोड प्रामुख्याने दिसते. त्यामुळे लिओमायोसार्कोमा हा बहुतांशी आरंभापासूनच स्वतंत्र आजार असावा, असे आज मानले जाते. फायब्रॉइड असलेल्या स्त्रीला ही माहिती धीर देणारी आहे; डॉक्टरसमोरचा प्रश्न मात्र तिने सुटत नाही, कारण समोरची गाठ या दोहोंपैकी कोणती, हे त्याला ठरवायचेच असते.

लक्षणांवरून हा फरक ठरत नाही. अनियमित किंवा जास्त रक्तस्राव, ओटीपोटात दुखणे, पोटात गाठ हाताला लागणे ही लक्षणे दोन्ही आजारांत सारखीच असतात. तरीही काही परिस्थितींत संशयाचे पारडे जड होते. लिओमायोसार्कोमा बहुधा चाळिशीनंतर, विशेषतः पन्नाशीच्या आसपास आणि त्यापुढे आढळतो. म्हणून पाळी गेल्यानंतर पुन्हा अंगावरून जाऊ लागणे, किंवा आकसायला हवी ती गाठ त्या वयात वाढत राहणे, याकडे दुर्लक्ष करता येत नाही. पूर्वी ओटीपोटावर किरणोपचार झालेले असणे, स्तनाच्या कर्करोगासाठी टॅमॉक्सिफेन हे औषध दीर्घकाळ घेतलेले असणे, आणि फायब्रॉइड आकसवण्यासाठी दिलेल्या हार्मोनच्या इंजेक्शनांना गाठीने दाद न देणे, याही गोष्टी संशय वाढवतात.

भराभर वाढणारी गाठ म्हणजे कर्करोग, असे डॉक्टरही दीर्घकाळ मानत आले होते. १९९४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने या समजुतीला धक्का दिला. फायब्रॉइड समजून शस्त्रक्रिया झालेल्या १,३३२ स्त्रियांची त्यात पाहणी करण्यात आली. त्यांपैकी ३७१ जणींची गाठ वेगाने वाढत असल्याची नोंद होती, आणि या ३७१ जणींत सार्कोमा निघाला तो केवळ एकीला. पाळी चालू असलेल्या वयात फायब्रॉइड कधी वेगाने वाढते, तर कधी थांबते, हा त्याच्या स्वभावाचाच भाग आहे. त्यामुळे वाढीच्या वेगापेक्षा ती वाढ कोणत्या वयात होत आहे, हे अधिक अर्थपूर्ण ठरते.

तपासणीची सुरुवात सोनोग्राफीने होते. नेहमीच्या फायब्रॉइडची कड रेखीव असते, त्यामागे ध्वनिलहरी अडून सावली पडते आणि रक्तवाहिन्या मुख्यतः गाठीच्या परिघावर दिसतात. याउलट एकच मोठी गाठ, तिची कड अस्पष्ट, आत अनियमित पोकळ्या, सावलीचा अभाव आणि मध्यभागीही भरपूर रक्तप्रवाह असे चित्र दिसले तर पुढील तपासणी हवी. मात्र फायब्रॉइडला रक्तपुरवठा अपुरा पडला की त्याच्या आतील भाग सडतो, द्रवतो किंवा त्यात रक्त साकळते, आणि असे बिघडलेले फायब्रॉइडही सोनोग्राफीत बरेचसे सार्कोमासारखे दिसते.

या टप्प्यावर एमआरआयचा उपयोग होतो. घट्ट विणलेल्या स्नायुतंतूंचे साधे फायब्रॉइड एमआरआयच्या टी-२ या प्रकारच्या प्रतिमेत काळपट दिसते. सार्कोमा त्याच प्रतिमेत उजळ आणि ठिपकेदार दिसतो, त्याची कड खडबडीत असते आणि आत रक्तस्रावाच्या खुणा आढळतात. त्याला जोडून केल्या जाणाऱ्या डिफ्यूजन तपासणीत ऊतकातील पाण्याचे रेणू किती मोकळेपणाने हलतात हे मोजले जाते. पेशींची दाटी जितकी जास्त तितकी ही हालचाल कमी, म्हणून सार्कोमात हे मोजमाप सहसा खाली येते. शिरेतून रंगद्रव्य दिल्यावर ते गाठीत किती लवकर पोचते, ओटीपोटातील लसिकाग्रंथी सुजल्या आहेत का, आणि पोटाच्या आवरणावर बारीक गाठी आहेत का, हेही त्याच वेळी पाहिले जाते. अनुभवी क्ष-किरणतज्ज्ञ या सर्व खुणा एकत्र वाचतो तेव्हा एमआरआयचे मत बरेच विश्वासार्ह होते. तरीही पेशींची दाटी असलेले निरुपद्रवी फायब्रॉइड त्याला चकवू शकते, आणि सार्कोमाही कधी साध्या गाठीचे रूप घेऊन नजरेतून निसटू शकतो.

रक्ताच्या तपासणीतून मिळणारी मदत मर्यादित आहे. लॅक्टेट डिहायड्रोजिनेज, म्हणजेच एलडीएच, हे विकर पेशी नष्ट होताना रक्तात उतरते. एलडीएच व त्याचे उपप्रकार आणि रंगद्रव्यासह केलेला एमआरआय एकत्र वापरल्यास बिघडलेले फायब्रॉइड आणि लिओमायोसार्कोमा यांतील फरक अधिक चांगला ओळखता येतो, असे जपानी संशोधकांनी २००२ मध्ये मांडले. परंतु एलडीएच यकृताच्या, रक्ताच्या आणि इतर अनेक आजारांतही वाढते, त्यामुळे एकट्या त्या आकड्यावरून कोणताही निष्कर्ष काढता येत नाही. सीए-१२५ या तपासणीचा येथे तर त्याहूनही कमी उपयोग होतो.

मग शस्त्रक्रियेपूर्वीच गाठीचा तुकडा काढून का तपासत नाहीत, असा प्रश्न साहजिकच पडतो. गर्भाशयाच्या पोकळीतून अस्तराचा नमुना घेण्याची पद्धत, जिला रुग्ण सामान्यतः क्युरेटिंग म्हणून ओळखतात, अस्तराच्या कर्करोगासाठी उत्तम आहे; स्नायूच्या जाडीत दडलेल्या गाठीपर्यंत मात्र ती अनेकदा पोचत नाही. म्हणून या नमुन्यात कर्करोग सापडला तर तो पुरावा ठरतो, पण न सापडल्यास निश्चिंत होता येत नाही. पोटातून थेट गाठीत सुई घालून नमुना घेतला तर गाठीच्या वेगवेगळ्या भागांतील पेशी वेगवेगळ्या असल्यामुळे सुईला नेमका निरुपद्रवी भाग लागण्याची शक्यता राहते, शिवाय कर्करोगाच्या पेशी सुईच्या मार्गाने पसरण्याची भीतीही असते. या कारणांमुळे अशी बायोप्सी सरसकट केली जात नाही. शस्त्रक्रिया चालू असताना गाठीचा तुकडा गोठवून तातडीने पाहण्याच्या फ्रोझन सेक्शन पद्धतीलाही तीच मर्यादा आहे. घाईत पाहिलेल्या एकदोन तुकड्यांवरून संपूर्ण गाठीचा न्याय करता येत नाही.

निदानातील या अनिश्चिततेची किंमत किती मोठी असू शकते, हे अमेरिकेत २०१३-१४ मध्ये उघड झाले. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत पोटावर लहान छिद्रेच पाडली जात असल्यामुळे मोठी गाठ अखंड बाहेर काढता येत नाही. म्हणून मॉर्सेलेटर नावाच्या, फिरत्या पात्याच्या विजेवरील उपकरणाने पोटातच तिचे तुकडे करण्याची पद्धत रूढ झाली होती. फायब्रॉइड समजलेली गाठ प्रत्यक्षात सार्कोमा असेल तर या पात्याने तिचे कण संपूर्ण पोटात उधळले जातात आणि गर्भाशयापुरता मर्यादित असलेला आजार पसरतो. बॉस्टनमधील एका महिला डॉक्टरवर हाच प्रसंग ओढवल्यानंतर तिने आणि तिच्या पतीने उभारलेल्या मोहिमेमुळे हा प्रश्न सार्वजनिक चर्चेत आला. एप्रिल २०१४ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने इशारा दिला की फायब्रॉइडसाठी शस्त्रक्रिया होणाऱ्या सुमारे ३५० स्त्रियांमागे एकीला न ओळखलेला सार्कोमा, आणि सुमारे ४९८ स्त्रियांमागे एकीला लिओमायोसार्कोमा असू शकतो. त्याच वर्षी या उपकरणाच्या प्रमुख उत्पादकाने ते बाजारातून मागे घेतले, आणि नोव्हेंबरमध्ये प्रशासनाने अशा उपकरणांवर ठळक चौकटीतील इशारा छापणे सुचवले.

हे आकडे सर्वांना मान्य झाले नाहीत. २०१७ मध्ये अमेरिकन सरकारच्याच दुसऱ्या एका संस्थेने उपलब्ध अभ्यासांचा आढावा घेऊन लिओमायोसार्कोमाचे प्रमाण दर १० हजार शस्त्रक्रियांमागे एकाहूनही कमी ते १३ इतके असू शकते, असे सांगितले. दोन अंदाजांतील हे अंतर बरेच काही सांगून जाते, कारण रोग जितका विरळ तितकी त्याची मोजणी डळमळीत होते. व्यवहारातील नियम मात्र या वादातून स्पष्ट झाला. पाळी गेलेल्या स्त्रीत किंवा कर्करोगाचा संशय असताना पोटात गाठीचे तुकडे करायचे नाहीत, आणि इतर ठिकाणी ते करावे लागलेच तर गाठ बंद पिशवीत ठेवूनच करायचे. अशी पिशवी वापरण्याची शिफारस अन्न व औषध प्रशासनाने २०२० मध्ये नव्याने केली.

अंतिम निर्णय विकृतिशास्त्रज्ञाच्या, म्हणजे पॅथॉलॉजिस्टच्या टेबलावर होतो. साधे फायब्रॉइड कापले असता आतून लोकरीच्या गुंड्यासारखे वेटोळेदार, पांढरे आणि घट्ट दिसते; सार्कोमाचा छेद मऊ, करडा-गुलाबी, मधूनमधून रक्ताळलेला किंवा सडलेला असतो आणि त्याची कड आजूबाजूच्या स्नायूत मिसळलेली असते. गाठ मोठी असेल तर साधारण प्रत्येक सेंटिमीटरमागे एक तुकडा तपासणीसाठी घेण्याचा प्रघात आहे. या तुकड्यांचे मेणात ठोकळे, म्हणजे ब्लॉक, करतात. त्यांपासून अत्यंत पातळ काप काढून ते काचपट्टीवर रंगवले जातात आणि मग सूक्ष्मदर्शकाखाली तीन प्रश्नांची उत्तरे शोधली जातात.

पहिला प्रश्न पेशींच्या रूपाचा असतो: त्यांची केंद्रके मोठी, वेडीवाकडी आणि गडद झालेली आहेत का. दुसरा प्रश्न विभाजनाचा: किती पेशी दुभंगताना दिसतात. तिसरा प्रश्न मृत भागाचा, आणि तो सर्वांत नाजूक आहे. रक्तपुरवठा तुटल्याने फायब्रॉइडमध्ये जो भाग मरतो त्याच्या आणि जिवंत भागाच्या मध्ये भरून येणाऱ्या ऊतकाचा पट्टा तयार होतो. कर्करोगातील मृत भागाची सीमा मात्र एकाएकी सुरू होते आणि त्यात रक्तवाहिन्यांभोवती जिवंत पेशींची कडी शिल्लक दिसतात. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या विकृतिशास्त्रज्ञांनी अशा २१३ अवघड गाठींचा अभ्यास १९९४ मध्ये प्रसिद्ध करून या तीन निकषांची सांगड घातली, आणि त्यांपैकी दोन स्पष्टपणे आढळल्यास लिओमायोसार्कोमाचे निदान करण्याची रीत त्यानंतर जगभर रुळली. विभाजनाची मर्यादा सूक्ष्मदर्शकाच्या दहा मोठ्या दृष्टिक्षेत्रांत दहा अशी धरली जाते. परंतु दृष्टिक्षेत्राचा आकार यंत्रागणिक बदलत असल्यामुळे आता ती प्रति चौरस मिलिमीटर चार अशीही सांगितली जाते. चिकट द्रवाने भरलेल्या किंवा गोलसर पेशींच्या विशेष प्रकारांना ही मोजपट्टी लागू पडत नाही, तेथे मर्यादा याहून बरीच खाली ठेवलेली आहे.

प्रत्येक गाठ या चौकटीत नीट बसतेच असे नाही. काही फायब्रॉइडमध्ये केंद्रके भयावह दिसतात पण विभाजन नसते; काहींत विभाजन भरपूर असते पण पेशी शांत असतात, आणि प्रोजेस्टेरॉनसारख्या हार्मोनच्या प्रभावाखाली ते आणखी वाढू शकते. कोणत्याही बाजूला निर्णायक कौल देता न येणाऱ्या गाठींसाठी स्टम्प हे संक्षिप्त नाव वापरले जाते. गाठीची घातकता अनिश्चित आहे एवढेच ते नाव सांगते, आणि अशा स्त्रीला दीर्घकाळ नियमित तपासणीखाली ठेवावे लागते. काही फायब्रॉइड फ्युमरेट हायड्रेटेज या विकराच्या अभावामुळे वेगळे रूप घेतात. त्यामागे कधी आनुवंशिक दोष असतो आणि अशा घराण्यात मूत्रपिंडाच्या कर्करोगाचा धोका असल्याने गर्भाशयाच्या गाठीचा अहवाल साऱ्या कुटुंबाच्या तपासणीचे निमित्त ठरतो.

शंका उरल्यास इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री, म्हणजे प्रतिपिंडांच्या साहाय्याने पेशींतील विशिष्ट प्रथिने रंगवून पाहण्याची पद्धत वापरतात. डेस्मिन आणि काल्डेस्मॉन ही प्रथिने गाठ स्नायूची असल्याचे सुचवतात, तर सीडी-१० चा ठळक रंग स्ट्रोमल सार्कोमाकडे लक्ष वेधतो. पी-५३, पी-१६ आणि केआय-६७ यांची स्थिती घातकतेच्या बाजूने किंवा विरुद्ध पुरावा देते. स्ट्रोमल सार्कोमाच्या कमी आक्रमक प्रकारात दोन वेगळ्या गुणसूत्रांवरील जनुके जोडली जाऊन जेएझेडएफ-१ आणि एसयूझेड-१२ यांचे जोडजनुक तयार झालेले अनेकदा आढळते आणि ते सापडल्यास निदानाला भक्कम आधार मिळतो.

निदान पक्के झाल्यावर आजार कोठवर पोचला आहे हे ठरवावे लागते. लिओमायोसार्कोमा रक्तावाटे प्रामुख्याने फुप्फुसांत पसरतो, म्हणून छातीचा सीटी स्कॅन आवश्यक ठरतो. आंतरराष्ट्रीय वर्गवारीनुसार गर्भाशयापुरती मर्यादित गाठ पहिल्या पायरीत येते आणि पाच सेंटिमीटर ही त्यातील उपविभागांची सीमारेषा आहे. गाठ अखंड काढली गेली तरी पहिल्या पायरीतील निम्म्याच्या आसपास रुग्णांमध्ये आजार परततो. त्यामुळे शस्त्रक्रियेनंतरची देखरेख हा उपचाराचाच भाग मानावा लागतो.

महाराष्ट्राच्या संदर्भात या विषयाला आणखी एक बाजू आहे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांची गर्भाशये मोठ्या प्रमाणात काढली गेल्याचा प्रश्न २०१९ मध्ये गाजला, आणि नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीसमोर आलेल्या पाहणीत सुमारे ८२ हजार स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. अंगावरून जाण्यासारख्या तक्रारी घेऊन आलेल्या अनेक स्त्रियांना ‘पिशवी काढली नाही तर कॅन्सर होईल’ अशी भीती घातली गेल्याचे तेव्हा समोर आले. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अनावश्यक गर्भाशयशस्त्रक्रिया रोखण्यासाठी केंद्राने आखलेली मार्गदर्शक तत्त्वे अमलात आणण्याचे निर्देश राज्यांना दिले. सार्कोमा विरळ आहे हे वैद्यकीय सत्य या ठिकाणी सामाजिक सत्य बनते, कारण तिशीतील, त्रास न देणारे फायब्रॉइड केवळ कर्करोगाच्या भीतीने काढून टाकण्यास कोणताही शास्त्रीय आधार नाही.

म्हणून रुग्ण आणि कुटुंबीयांनी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पाळी गेल्यानंतर रक्त दिसले किंवा जुनी गाठ वाढू लागली तर तपासणी लांबणीवर टाकू नये. फायब्रॉइडची शस्त्रक्रिया दुर्बिणीने होणार असेल तर गाठ कशी बाहेर काढणार, हे आधीच विचारावे. काढलेले गर्भाशय किंवा गाठ, कितीही साधी वाटली तरी, फॉर्मलिनमध्ये पॅथॉलॉजीकडे गेलीच पाहिजे आणि सोबतच्या कागदावर वय, पाळीची स्थिती व घेतलेली हार्मोनची औषधे यांची नोंद असली पाहिजे. अहवाल लेखी घ्यावा आणि त्यात सार्कोमा किंवा स्टम्प असे नाव आले तर मूळ ब्लॉक आणि स्लाइड घेऊन मुंबईच्या टाटा मेमोरियलसारख्या कर्करोग रुग्णालयात दुसरे मत घ्यावे. गर्भाशय काढायचे की ठेवायचे, याचा निर्णय भीतीवर सोपवता कामा नये. आणि काढलेली गाठ न तपासता टाकून देण्याइतका निष्काळजीपणा तर कोणत्याही रुग्णालयाला क्षम्य नाही.